शनीभोवतीच्या पेठा: धर्म आणि राज्य एकाच हाती असलेला अंतराळ समाज कथेत कसा उभा करावा

दिवाळी अंकांना कथा पाठवायचे दिवस जवळ आले की पुण्यात नव्या पेठेतल्या आमच्या घरी दर शनिवारी संध्याकाळी आठ-दहा जण जमतात आणि आपापल्या विज्ञानकथा वाचून दाखवतात. गेली काही वर्षं एक विषय फिरून फिरून येतो: दूर अंतराळात वसलेला समाज, जिथे देऊळ आणि दरबार वेगळे नाहीत. विषय मला मनापासून आवडतो. पण कथा ऐकताना तोच महापुरोहित भेटतो, तोच लांब झगा, तीच आंधळी गर्दी आणि शेवटी एका तरुण शास्त्रज्ञाचं बंड. सत्ता दिसते, धर्माचं नाव दिसतं, पण दोघांची गाठ कुठे बसली आहे ते दिसत नाही.

मी बावीस वर्षं विश्वस्त संस्थांचे हिशेब तपासते, त्यात देवस्थानंही आली. दानपेटी उघडताना पंच बसतात. नोटा वेगळ्या, नाणी वेगळी, दागिन्यांचं वजन सोनार लिहून देतो. मधेच एखादी चिठ्ठी निघते, चार घड्या घातलेली: ‘मुलाला नोकरी लागू दे.’ तिची नोंद कुठल्याच रकान्यात होत नाही. एका देवस्थानातले जुने कारकून अशा सगळ्या चिठ्ठ्या वेगळ्या काढून, न वाचता, देवाच्या पायाशी नेऊन ठेवायचे आणि मग परत येऊन बेरीज करायला बसायचे. श्रद्धा आणि हिशेब एकाच माणसाच्या हातांत, त्याच दुपारी. तुमच्या समाजात हा माणूस असायला हवा. तो कसा आणायचा, ते पायरीपायरीने सांगते. उदाहरण म्हणून एक समाज सुरुवातीपासून शेवटपर्यंत सोबत ठेवू.

पायरी पहिली: कोठाराची किल्ली कुणाकडे, ते ठरवा

देव कोणता, पोथी कोणती, हे नंतर. आधी विचारा, या माणसांना रोज काय मिळालं नाही तर ती मरतील? पृथ्वीवर याचं उत्तर पाऊस आणि धान्य असतं. अंतराळात ते हवा असतं.

आपला समाज शनीभोवती फिरतोय असं धरू. मोठ्या चाकासारख्या सात वसाहती, आणि त्यांना आपण पेठा म्हणू, कारण माणसं नव्या जागी जाताना जुनी नावं बरोबर नेतात. प्रत्येक पेठ २२४ मीटर त्रिज्येची, मिनिटाला दोन फेरे घेणारी. हा आकडा मनाला येईल तसा घेतलेला नाही. एवढ्या त्रिज्येला एवढा वेग दिला की कडेला उभ्या असलेल्या माणसाला पृथ्वीइतकंच वजन जाणवतं. एका पेठेत तीन हजार माणसं. एका माणसाला दिवसाला साधारण ०.८४ किलो प्राणवायू लागतो, म्हणजे पेठेला रोज अडीच टन. शनीच्या कड्यांमध्ये बहुतांश पाण्याचा बर्फ आहे आणि नऊ किलो पाण्याचं विघटन केलं की आठ किलो प्राणवायू मिळतो. वापरलेल्या हवेतून काहीच परत मिळवलं नाही, तर एका पेठेला रोज पावणेतीन टनांहून जास्त बर्फ वितळवावा लागेल.

हे गणित कथेत छापायचं नाही, पण कागदावर करायचंच. ते केलं की लगेच प्रश्न उभे राहतात. बर्फ आणणारे कोण? वितळवणारे कोण? कुणाला किती, हे वहीत लिहिणारा कोण? ती वही ज्याच्याकडे, त्याच्याकडे राज्य. आपण त्याला प्राणभांडारी म्हणू.

आता प्राणभांडारी हा पुजारीही कसा झाला, हे पुढच्या पायरीचं काम. इथे एवढंच लिहून ठेवा की तुमच्या समाजातलं कोठार कोणतं, त्याला किल्ल्या किती आणि त्या कुणाकुणाकडे.

पायरी दुसरी: पहिल्या पिढीचं कारण खरं असू द्या

नवख्या कथांमध्ये धर्म म्हणजे कुण्या धूर्ताने लोकांना फसवण्यासाठी रचलेली गोष्ट असते. असं लिहिलं की सगळा समाज मूर्ख ठरतो, आणि मूर्खांच्या गोष्टीत वाचकाचा जीव अडकत नाही. जो नियम पुढे जाचक होणार आहे, तो पहिल्या दिवशी कुणाचा तरी जीव वाचवणारा असला पाहिजे.

आपल्या पेठांत असं झालं. पहिल्या वर्षांत एका रात्री एका सांध्यातून हवा गळली आणि झोपेतली माणसं दगावली. त्यानंतर दर पाळीच्या सुरुवातीला दोघांनी मिळून सगळे सांधे तपासायचे असा नियम झाला. एकाने यादी मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने प्रत्येक सांध्याला हात लावून उत्तर द्यायचं.

‘उत्तरेचा सांधा?’
‘पाहिला.’
‘पाण्याच्या टाकीमागचा?’
‘पाहिला.’

पुढे यादीत दगावलेल्यांची नावं आली, कारण कुठला सांधा का महत्त्वाचा हे मुलांना तसं लक्षात राहायचं. मग नावांना चाल लागली. चाल लागली की गर्दी जमते, मुलं मागे म्हणायला लागतात. चौथ्या पिढीत ती संध्याकाळची आरती झाली: वाचणारा एक, ‘पाहिला’ म्हणणारे तीन हजार. सांध्यांच्या यादीची पोथी झाली आणि ती प्राणभांडाऱ्याच्या ताब्यात राहिली, कारण गळती झाली तर हवा कुठून वळवायची हे त्यालाच ठरवावं लागायचं. इथे कोठार आणि आरती एका हातात आली. कुणी कट केला नाही.

आणि कथेचं बीजही इथेच आहे. प्रत्यक्ष हात न लावता ‘पाहिला’ म्हणायला लोकांनी कुठल्या पिढीत सुरुवात केली? तुमच्या समाजातला असा एक शब्द शोधा, जो पूर्वी कृती होता आणि आता फक्त उच्चार उरला आहे. तो सापडेपर्यंत पुढे जाऊ नका.

पायरी तिसरी: गाठ कोणत्या प्रकारची, ते नेमकं सांगा

‘धर्म आणि राज्य एकच’ हे सांगणं फार ढोबळ आहे. इतिहासात या गाठी अगदी वेगवेगळ्या आहेत.

त्रावणकोरच्या मार्तंड वर्म्याने १७५० साली सगळं राज्य पद्मनाभस्वामीला अर्पण केलं आणि तो ‘पद्मनाभदास’ म्हणून कारभार पाहू लागला. राजा देव झाला नाही, देव राजा झाला आणि राजा त्याचा कारभारी. याचा परिणाम बघा: त्यानंतर राज्याविरुद्ध उठणं म्हणजे देवाविरुद्ध उठणं. भूतानमध्ये सतराव्या शतकात दोन आसनं मांडली गेली, धर्मासाठी जे खेन्पो आणि राज्यकारभारासाठी द्रुक देसी. इराणमध्ये १९७९ नंतर निवडणुका होतात, संसद आहे, पण बारा जणांचं पालक मंडळ आधी उमेदवार पारखतं आणि मंजूर कायदेही अडवू शकतं. इंग्लंडमध्ये राजा आजही तिथल्या चर्चचा सर्वोच्च अधिकारी आहे आणि वरिष्ठ सभागृहात २६ बिशप बसतात, तरी रोजचं राज्य तिथे धर्मसत्तेचं नाही.

आपल्याकडचं उदाहरण तर हाताशीच आहे. शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांत पंडितराव होते आणि न्यायाधीशही होते, दोन वेगळी पदं. राज्याभिषेकासाठी काशीच्या गागाभट्टांना बोलावलं गेलं आणि ६ जून १६७४ ला तो सोहळा झाला. त्याच वर्षी २४ सप्टेंबरला निश्चलपुरी गोसावींकडून तांत्रिक पद्धतीने दुसरा राज्याभिषेक झाला. राज्य आधी मनगटावर उभं राहिलं, मग त्याला मान्यतेचा विधी लागला, आणि एका परंपरेची मान्यता दुसरीला पुरेशी वाटली नाही. कथेच्या दृष्टीने केवढं मोठं भांडार आहे हे! तुमच्या ग्रहावरच्या राज्यकर्त्याला मान्यता कोण देतं? ती देणारे दोन असतील, तर ते एकमेकांना मानतात का?

आपल्या पेठांसाठी मी त्रावणकोरची गाठ घेतली आहे. पेठांचा मालक कुणी माणूस नाही. मालक तो पहिला सांधा, जो गळला होता. प्राणभांडारी त्याचा सेवेकरी.

पायरी चौथी: पंचांग

ही पायरी बहुतेक जण गाळतात. मला मात्र सगळ्यात मोलाची वाटते. धर्म आणि राज्य रोजच्या रोज कुठे भेटतात? तारखेत. सुट्टी कधी, उपास कधी, कर कधी भरायचा, कामावर कधी यायचं.

हे पुणेकरांना वेगळं सांगायला नको. इथे अशी घरं आहेत जी टिळक पंचांग मानतात आणि शेजारी इतर पंचांगं मानणारी. राशिचक्राचा आरंभबिंदू कुठे धरायचा, यावर दोन्हींत सुमारे चार अंशांचा फरक आहे. त्यामुळे एखाद्या वर्षी अधिक महिना वेगळा पडतो, आणि एका घरातला गणपती शेजारच्यापेक्षा चक्क महिनाभर आधी येतो. जिना एक, आरती एक, पण मोदक महिन्याच्या अंतराने. आम्ही लहान होतो तेव्हा आम्हाला दोन्हीकडे बोलावणं असायचं. इथे दोन पंचांगं प्रेमाने नांदतात, कारण त्यावर कुणाचं राज्य अवलंबून नाही. स्वतंत्र भारतात मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली १९५२ साली समिती नेमली गेली आणि २२ मार्च १९५७ पासून सरकारने राष्ट्रीय पंचांग स्वीकारलं. सरकारी कागदावर ते छापलं जातं, पण सणवार लोक आपापल्या पंचांगानेच करतात. आता कल्पना करा की पंचांग ठरवणाराच हवा वाटतो.

अंतराळात तर दिवस म्हणजे काय, इथपासून सुरुवात. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक साधारण दीड तासात पृथ्वीला फेरी मारतं, म्हणजे चोवीस तासांत सोळा सूर्योदय. २००३ साली इस्रायलचे इलान रॅमॉन यानात गेले, तेव्हा शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, कधी धरायचा हा प्रश्न धर्मगुरूंपुढे आला आणि उड्डाण झालं त्या केप कॅनाव्हेरलची वेळ धरायची असं ठरलं. २००७ साली मलेशियाचे अंतराळवीर गेले तेव्हा त्यांच्या देशात नमाजाच्या वेळा आणि दिशा यांबद्दल रीतसर मार्गदर्शिका काढली गेली, तिथेही वेळ उड्डाणाच्या ठिकाणची. दोन्हीकडे उत्तर एकच: जिथून निघालो ती वेळ बरोबर न्यायची. हे काही दिवसांच्या मुक्कामाला ठीक आहे. जी मुलं तिथेच जन्मली, त्यांनी कुठली वेळ धरायची?

शनीला सूर्याभोवती फिरायला साडेएकोणतीस वर्षं लागतात. आपली साडेसाती त्यातूनच आली: बारा राशींत मिळून साडेएकोणतीस वर्षं, एका राशीत साधारण अडीच, तीन राशींची साडेसात. शनीपाशीच राहणाऱ्या माणसाला शनी कुठल्याच राशीत दिसणार नाही. साडेसाती तिथे संपेल, की पेठांतला प्रत्येक जण आपण जन्मभर साडेसातीत आहोत असं मानेल? माझ्या पेठांत दोन्ही मतांची माणसं आहेत आणि ती एकमेकांत सोयरीक करत नाहीत.

सण शोधायला आकाशाकडेच बघा. साधारण पंधरा वर्षांतून एकदा शनीवर विषुवदिन येतो. सूर्य कड्यांच्या बरोबर पातळीत येतो आणि एरवी झगमगणारी कडी जवळजवळ अंधारतात. अलीकडे हे ऑगस्ट २००९ आणि मे २०२५ मध्ये झालं. माणसाच्या आयुष्यात असा दिवस चार-पाच वेळाच येईल. गुरूच्या गतीवर नाशिकचा सिंहस्थ बारा वर्षांनी येतो, तसा हा पेठांचा महापर्व. त्या दिवशी प्राणभांडारी बदलायचा, असं मी ठरवलं. मग सत्तेत असलेला माणूस वेळकऱ्याला, म्हणजे पंचांग ठेवणाऱ्याला, म्हणू लागतो की गणित पुन्हा तपासा, कडी अजून पुरती काळोखी झाली नाहीत. तुम्हाला युद्धाचा प्रसंग लिहायची गरजच उरणार नाही.

पायरी पाचवी: श्रद्धा शरीरात उतरवा

श्रद्धा तत्त्वज्ञानाच्या परिच्छेदात सांगितली की पान मरतं. ती पायांत, हातांत, जिभेवर दाखवा. इथे भौतिकशास्त्र तुमच्या मदतीला येतं.

आपल्या पेठेचा परीघ १४०० मीटरच्या आसपास. चालत प्रदक्षिणा घातली तर पंधरा-वीस मिनिटं. पण पेठ फिरते आहे. फिरण्याच्या दिशेने चाललात तर तुमचा एकूण वेग किंचित वाढतो आणि वजन सहा टक्क्यांच्या आसपास जास्त जाणवतं. उलट चाललात तर तितकंच कमी. साठ किलोच्या बाईला एकीकडे साडेतीन किलो जास्त, दुसरीकडे साडेतीन किलो कमी. म्हणजे प्रदक्षिणेच्या दोन दिशांना दोन अर्थ आपोआप मिळाले. नवस फेडायचा, प्रायश्चित्त घ्यायचं तर जड दिशेने. बाळाचं बारसं, लग्नाची वरात हलक्या दिशेने. आजारी म्हाताऱ्यांना हलक्या दिशेने फिरवून आणतात आणि त्यांना खरंच बरं वाटतं. विधी आणि अनुभव जुळले की विश्वास कुणी शिकवावा लागत नाही.

आणि दिवा. चाकाच्या मध्यावर वजन नसतं. तिथे ज्योत वर जात नाही, कारण गरम हवेला वर जायला ‘वर’ अशी दिशाच नसते. ती लहान, गोल, निळसर गोळ्यासारखी होते. बंद वसाहतीत उघडी ज्योत म्हणजे धोका, आणि ती प्राणवायूही खाते. म्हणून पेठांत ज्योत लावायचा अधिकार फक्त मध्यावरच्या गाभाऱ्यात, फक्त प्राणभांडाऱ्याला, तोही वर्षातून एकदा. दोन मिनिटांची ज्योत. तिने किती प्राणवायू घेतला, ते त्याच संध्याकाळी वहीत खर्ची पडतं. असा प्रसंग लिहाल तेव्हा गर्दीपेक्षा एका मुलीकडे बघा. पहिल्यांदाच ज्योत बघणारी सात वर्षांची मुलगी, आईच्या पाठीला बांधलेली, श्वास रोखून धरते, कारण ज्योतीला हवा कमी पडू नये असं तिला वाटतं. धर्मराज्य म्हणजे काय हे त्या रोखलेल्या श्वासात वाचकाला कळेल.

पायरी सहावी: अंतर आणि वस्त्रे

ही लहान पायरी आहे. शनीपासून पृथ्वीपर्यंत संदेश जायला एक तास ते दीड तास लागतो, उत्तर यायला तेवढाच. मूळ धर्मपीठ पृथ्वीवर असेल तर तिथून रोजचा कारभार चालणं अवघड, पण तिथली मान्यता मात्र हवी असते. पेशव्यांचं राज्य पुण्यात होतं, तरी पेशवाईची वस्त्रे साताऱ्याच्या छत्रपतींकडूनच यावी लागत. सवाई माधवराव काही आठवड्यांचे असतानाही वस्त्रे साताऱ्याहूनच आली. सत्ता एकीकडे, मान्यता दुसरीकडे आणि मधे रस्ता. तुमच्या कथेत ती ‘वस्त्रे’ म्हणजे काय, ती कोण घेऊन येतं आणि वाटेत उशीर झाला तर काय होतं, एवढं ठरवलं की पुरे.

पायरी सातवी: गुन्हा की पाप?

देऊळ आणि दरबार एक झाले की शिक्षा आणि प्रायश्चित्त यांतली रेघ पुसट होते. चोरी करणाऱ्याने दंड भरायचा की शुद्धी करून घ्यायची? दोन्ही केलं तर हिशेब मिटतो का? प्रत्येक गुन्ह्यासाठी हे ठरवायला बसू नका. तीन गुन्हे घ्या: कोठारातून चोरी, वहीत खोटी नोंद आणि आरतीला गैरहजेरी. तिघांत सगळ्यात कडक शासन कशाला, यावरून तुमचा समाज ओळखला जाईल. माझ्या पेठांत ते खोट्या नोंदीला आहे.

मग खरा प्रश्न: राज्यकर्त्यानेच गुन्हा केला तर? ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. रामशास्त्री प्रभुण्यांनी रघुनाथरावांना देहान्त प्रायश्चित्त सांगितलं आणि पुणे सोडलं, ही गोष्ट इथे प्रत्येक घरात सांगितली जाते. त्यातला शब्द बघा, प्रायश्चित्त. न्यायाधीशाच्या हातात फौज नव्हती, शास्त्र होतं. धर्म आणि राज्य एकत्र असण्याची हीच दुसरी बाजू. जो धर्म सत्तेला आधार देतो, तोच एखाद्या निर्भय माणसाच्या तोंडून सत्तेला दोषीही ठरवू शकतो. तुमच्या समाजात असं एक आसन ठेवा. ते कायम रिकामं असलं तरी चालेल, पण लोकांना ते कुठे आहे हे माहीत असावं.

पायरी आठवी: विरोधाचा आवाज आतून येऊ द्या

माझ्या मते या विषयावरचं सगळ्यात चांगलं शिक्षण वारीत मिळतं. वारी म्हणजे चालता समाज: हजारो माणसं, ठरलेला क्रम, ठरलेले मान, रोज नवा मुक्काम. घाट ओलांडल्यावरच्या एका मुक्कामी मी समाज आरती पहिल्यांदा पाहिली. सगळ्या दिंड्या गोलाकार उभ्या, टाळांचा कल्लोळ. चोपदारांनी दंड उंचावला आणि क्षणात सगळं शांत झालं. एका कोपऱ्यात मात्र टाळ वाजतच राहिले. मला वाटलं, त्यांना कळलं नसावं. शेजारच्या माऊली म्हणाल्या, ‘त्यांची तक्रार आहे. ऐकून घेईपर्यंत वाजवणार.’ चोपदार त्या दिंडीकडे गेले, त्यांचं म्हणणं ऐकलं, आणि मग टाळ थांबले. तक्रार करणाऱ्याने सोहळा सोडला नाही की बाहेर जाऊन घोषणा दिल्या नाहीत. ज्या टाळाने भजन करायचं, त्याच टाळाने तक्रार केली.

म्हणून माझ्या पेठांतही बंडखोर नास्तिक नाही. ती एकोणीस वर्षांची गस्तकरी आहे, तिला पोथी सगळ्यांपेक्षा चांगली पाठ आहे. भर आरतीत, तीन हजार जण ‘पाहिला’ म्हणत असताना, ती एकटी म्हणते, ‘नाही पाहिला.’ जुन्या नियमाप्रमाणे आरती तिथेच थांबायला हवी. गेल्या साठ वर्षांत ती कुणी थांबवलेली नाही, आणि दरम्यान ‘पाहिला’चा पहिला मान एका घराण्याचं वतन होऊन बसला आहे.

पण दाराबाहेर उभ्या असलेल्यांनाही विसरू नका. आतून तक्रार करायला आधी आत असावं लागतं. १९२९ साली पर्वतीच्या मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून दलितांनी सत्याग्रह केला, तेव्हा त्यांच्या वाट्याला मारहाण आली आणि दार उघडलं नाही. पंढरपूरच्या दारासाठी साने गुरुजींना १९४७ साली उपोषण करावं लागलं. बर्फ फोडून आणणाऱ्या माणसांना तुमच्या पेठेच्या मध्यापर्यंत जाऊ देतात का? ज्यांच्या श्रमावर सगळे श्वास घेतात, त्यांनी ती ज्योत कधी पाहिली आहे का? हा प्रश्न न विचारता लिहिलेला धर्मराज्याचा समाज मला अपुरा वाटतो.

पायरी नववी: कागद तयार करा

कथा सुरू करण्याआधी त्या समाजातला एक तरी कागद पूर्ण लिहा. अर्ज, सनद, पावती, काहीही. मराठीला कागदांची भाषा नवी नाही: रोजकीर्द, खतावणी, महजर, इनाम, वतन, करीना. ही भाषा कानांत बसवायची तर भारत इतिहास संशोधक मंडळात जा. १९१० पासून ही संस्था पुण्यात आहे. पेशवे दप्तरातले छापलेले कागद वाचा. युद्धं आणि तह सोडून द्या, श्रावणातल्या दक्षिणेचे, देवस्थानांच्या नेमणुकांचे, मानपानाच्या तंट्यांचे कागद काढा. आकाशाची बाजू पक्की करायला राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास नारायणगावजवळच्या खोडदला जाऊन या. तिथे आणि आसपासच्या परिसरात मिळून ४५ मीटर व्यासाच्या तीस रेडिओ दुर्बिणी आभाळाकडे तोंड करून उभ्या असतात.

माझ्या पेठांतला कागद असा सुरू होतो:

‘सेवेसी प्राणभांडारी, चौथी पेठ. अर्जदार बर्फकरी, बाहेरची पाळी. विनंती ऐसी की, आमचे पाळीस श्वासाची नेमणूक आतील माणसाइतकीच धरली आहे. बर्फ फोडणाऱ्यास श्वास अधिक लागतो. मागील महिन्यात तिघे चक्कर येऊन पडले. वहीत त्यांची नोंद आळशी म्हणून आहे. ती नोंद खोटी आहे. खोट्या नोंदीचे शासन काय, हे पोथीत आहेच.’

हा कागद लिहीपर्यंत बर्फकऱ्यांना स्वतःचा आवाज आहे हे मलाच माहीत नव्हतं. शेवटची ओळ माझ्या आराखड्यात कुठेच नव्हती.

पायरी दहावी: घरातल्या माणसाला विचारा

मसुदा झाला की तो विज्ञानकथा वाचणाऱ्याला देण्याआधी रोज देवपूजा करणाऱ्या कुणाला तरी वाचून दाखवा. मी शेजारच्या आजींना दाखवला. त्यांनी वजनाचं, कड्यांचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘आणि माणूस गेल्यावर काय करतात गं?’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. जाळता येणार नाही, पुरायला माती नाही आणि बाहेर सोडून देणं परवडणार नाही. रात्री बसून गणित मांडलं. माणसाच्या शरीरात साठ टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. साठ किलोच्या माणसात छत्तीस किलो. त्यातून बत्तीस किलो प्राणवायू, म्हणजे एका माणसाचा अडतीस दिवसांचा श्वास. पेठेला हे पाणी सोडून चालणार नाही.

आपण पितरांना पाणी देतो. तिथे पितर पाणी देतात. तर्पणाची दिशाच उलटली, आणि आतापर्यंत सैल असलेला सगळा धर्म त्या एका गोष्टीभोवती घट्ट झाला. ते अडतीस दिवस कुणाच्या नावे जमा करायचे? वारसांच्या, पेठेच्या, की मेलेल्याने सांगून ठेवलेल्या माणसाच्या? पोथी म्हणते पेठेच्या. त्या गस्तकरी मुलीची आजी मरताना म्हणाली, माझे दिवस बाहेरच्या पाळीला द्या.

दुसऱ्या दिवशी मी आजींना वहीतली ती नोंद वाचून दाखवली:

‘जमा: पाणी ३६ किलो. देणार: मयत, गस्तकरीण, चौथी पेठ. नावे:’

‘पुढे?’ त्यांनी विचारलं. पुढचा रकाना प्राणभांडाऱ्याने अजून भरलेला नाही. कथा तिथून सुरू होते.